कोडाची पाटी

ती पाटी उझैरने लिहिली तेव्हा त्याला स्वतःच्या विनोदबुद्धीचं फार कौतुक वाटलं होतं. घोटाळा तिथेच झाला.

पाटी म्हणजे अम्मीच्या नव्या मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर जाड मार्करने त्याने लिहिलं: 'मोबाइल, प्रिंटर, फ्रिज इथे दुरुस्त होत नाहीत. इथे फक्त कोड. कितीही जुनाट असो, मुळापासून दुरुस्त.' खाली नाव आणि जिन्याकडे दाखवणारा बाण. सुतळी ओवून पुठ्ठा दाराला टांगला, दोन पावलं मागे जाऊन वाचला, एकटाच हसला आणि वर जाऊन कामाला बसला.

महाडच्या एसटी स्टँडच्या मागे अजमलशेठचे टेम्पो उभे राहतात. त्या आवारावरच्या माडीवर त्यांच्या या मुलाची खोली. पुराच्या सालापासून त्या घरात नियम झाला होता की किमती वस्तू तळमजल्यावर ठेवायची नाही. आधी तांदळाची पिंपं वर गेली, मग शिवणयंत्र, मग कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरच्या पाठोपाठ उझैर. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो इथूनच करायचा. कंपनी दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवायची. पेशंटने नंबर घ्यायचा, बाकावर बसायचं, पडद्यावर आपला नंबर आला की आत जायचं, एवढीच गोष्ट. त्यातला नंबर पुकारायचा भाग उझैरकडे होता. गेले तीन दिवस तो एकाच प्रश्नाच्या मागे होता: चाळीस नंबर दोनदा का पुकारला जातो? एकोणचाळीस एकदा, एक्केचाळीस एकदा, चाळीसच तेवढा दोनदा.

आता असलं काम कोणाला सांगून काय उपयोग? अजमलशेठ ओळखीच्यांना सांगत, "टायपिंगचं काम मिळालंय त्याला." अम्मीचं, म्हणजे झुबेदाबींचं, मत त्याहून स्पष्ट होतं. पोरगा डोळे उघडे ठेवून झोपतो आणि त्याचा पगार घेतो.

मोहल्ल्यात दोन तट होते. एका तटाला वाटायचं, उझैर मोबाइल दुरुस्त करतो. ही माणसं दिवसाढवळ्या यायची, पाण्यात पडलेला फोन तांदळाच्या डब्यासकट आणायची. दुसऱ्या तटाला वाटायचं, तो हॅकर आहे. ही माणसं यायची तीच दार लोटून घेत. कोणाला भावाच्या फोनमधले मेसेज वाचायचे असत, कोणाला बारावीचे मार्क चारने वाढवून हवे असत. चारच. हावरटपणा नको म्हणून.

या दुसऱ्या तटाचा म्होरक्या म्हणजे खालचा चहावाला दीपक. चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, पण हॅकर म्हणजे काय हे त्याने पडद्यावर पाहून पक्कं केलं होतं. अंधारी खोली, डोक्यावर टोपीवाला कोट, काळ्या स्क्रीनवर सरसर पडणारी हिरवी अक्षरं. उझैरची खिडकी सताड उघडी असायची, कंबरेला लुंगी असायची आणि स्क्रीन पांढराफेक, कारण काळ्या स्क्रीनने त्याचं डोकं दुखायचं. दीपकला त्याने काही फरक पडला नाही.

"तू दाखवत नायस," तो म्हणायचा, "पण हायेस."

एक दिवस बिरवाडीहून एक गृहस्थ थेट फ्रिज घेऊन आले. तोही अजमलशेठच्याच टेम्पोतून. तेव्हा उझैरचा संयम सुटला आणि पाटी लागली. पाटीचा गुण आला. आठ दिवस कोणी फिरकलं नाही.

नवव्या दिवशी, सोमवारी दुपारी, जिन्यावर पावलं वाजली. चाळीस नंबर नुकताच कुठे हाताशी येत होता, म्हणून उझैरने मान वळवली नाही.

"मोबाइल इथे होत नाहीत. खाली पाटी आहे बघा."

"पाटी वाचूनच आल्ये," बाईचा आवाज आला. "मागल्या सोमवारी खाली चहा प्याले तवाच वाचली. प्रौढांच्या वर्गात शिकल्ये मी. स्टँडाच्या भोवतालच्या सगळ्या पाट्या वाचून झाल्यात माझ्या. तुझं अक्षर बरं नाय, पण कळलं."

"मग?"

"मग काय? कोड दाखवायला आल्ये."

उझैरला मनातून बरं वाटलं. पाटीचा अर्थ कळलेलं पहिलं माणूस! एखाद्या पतसंस्थेचा नाहीतर शाळेचा जुना प्रोग्राम बिघडला असेल. त्याने डोळे स्क्रीनवरच ठेवून विचारलं, "किती जुना आहे?"

"सात वर्षं झाली."

"आधी कोणी हात लावलाय?"

"पोलादपुराला एकानं पाला लावला. मग मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं मलम दिलं."

पाला आणि मलम हे शब्द उझैरच्या कानांवर पडले, पण डोक्यात पोचले नाहीत. डोक्यात चाळीस नंबर होता. "सुरुवात कुठून झाली?"

"बोटांच्या पेरांवरनं. मग पसरत गेलं."

"असंच होतं," उझैर जाणत्या सुरात म्हणाला. "एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडे उठतो. दाखवा."

आणि तो वळला. पंचावन्नच्या पुढची एक बाई, साडीचा ओचा अजून वर खोचलेला, पायांच्या नखांत लावणीचा चिखल. मांडीवर ओली छत्री. तिच्या शेजारी एकोणीसेक वर्षांची मुलगी, पावसाळी उकाड्यातही लांब बाह्यांचा ड्रेस, वर ओढणी थेट बोटांपर्यंत. बाईने मुलीची बाही सर्रकन कोपरापर्यंत वर केली. सावळ्या हातावर पांढरे डाग होते. नकाशातल्या बेटांसारखे, कडा नीट आखलेल्या.

उझैरच्या घरात याला सफेद डाग म्हणत. कोड हा शब्द शाळेत कधीतरी कानांवरून गेला असेल, पण गेली सहा वर्षं दिवसातून शंभर वेळा तो शब्द वापरताना त्याला दुसरा अर्थ असतो हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आता पाटीचा एकेक शब्द त्याच्या डोळ्यांपुढून गेला. कितीही जुनाट. मुळापासून. आणि त्याला हसू फुटलं. हसला तो स्वतःलाच, पण समोरच्याला ते कसं कळणार? मुलीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि बाही झटक्यात खाली ओढली.

"आत्या, चल."

"थांब गो मैना. डाक्टर हाय, बघू दे त्याला."

"मी डॉक्टर नाही," उझैर म्हणाला. मग त्याने जे सांगितलं ते कसं सांगितलं हे त्याला पुढे कधी नीट आठवलं नाही. कॉम्प्युटरला सूचना लिहितात, त्या ओळींना कोड म्हणतात, त्या चुकतात, मी त्या सुधारतो, असं काहीतरी. बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे हा कोड निराळा."

"निराळा."

"मग पाटीवर खोटं कशाला लिवलंस रे?"

"खोटं नाही मावशी, गंमत म्हणून…"

"कापड्यासनं आल्ये मी. लावणी टाकून. माझ्या भावाचं, रामाचं, सगळं शेत चिखल करून पडलंय. एक गाडी पोलादपूरपर्यंत, तिथनं दुसरी महाडला. तुझ्या गंमतीपायी?"

तेवढ्यात दीपक तीन चहा घेऊन वर आला. या बाईंना तो ओळखत होता. पोलादपूरच्या स्टँडवर कोकमं आणि कुळीथ विकायला बसणाऱ्या राहीबाई. खालूनच सगळं ऐकलेलं दिसत होतं, कारण चेहरा दाबलेल्या हसण्याने फुगला होता.

"मावशी, ह्यो हॅकर हाय," तो म्हणाला. "कायपण करतो."

"ते काय असतं?"

"चोर," उझैर वैतागून म्हणाला. "याच्या मते मी चोर आहे. पण आजच का आलात, मावशी? लावणी झाल्यावर आला असतात."

राहीबाई मैनाकडे बघू लागली. मैना खाली चटईकडे.

"सांग की गो. आता आलोच हावोत तर."

मैना बोलली, पण चटईशीच. पनवेलला एका संस्थेत प्रयोगशाळेचं शिकवतात. रक्त तपासायचं, लघवी तपासायची, दोन वर्षं. ते झालं की औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यांत सुद्धा घेतात. बारावीचे मार्क पुरेसे होते. फॉर्म मोबाइलवरच भरायचा होता. भरला. आणि कोडामुळे नाकारला. आज पाच वाजता फॉर्म घ्यायचं बंद होणार.

"म्हून म्हटलं," राहीबाई म्हणाली, "मुळापासून दुरुस्त करतोस, तर आजच्या आज हातावरचं तरी पुसून देशील. दुसऱ्यांदा फॉर्म भरताना खरं लिवता येईल, अंगावर काय नाय म्हून."

आता मात्र कोणी हसलं नाही. दीपकसुद्धा.

"नाकारला असं कोण म्हणालं?" उझैरने विचारलं.

"कोण कशाला? फॉर्मच म्हणाला."

हे ऐकलं आणि उझैरची पाठ आपोआप ताठ झाली. प्रोग्रामरचा निम्मा दिवस खरं तर याच एका प्रश्नात जातो. दवाखान्यातून फोन येतो, 'चालत नाय.' काय चालत नाही? 'कायच चालत नाय.' मग हळूहळू, गोड बोलून, त्या माणसाकडून काढून घ्यायचं की पडद्यावर नेमके कोणते शब्द उमटले. काळ्या स्क्रीनवरच्या हिरव्या पावसात हा भाग कधीच दाखवत नाहीत.

"फॉर्म नेमकं काय म्हणाला? तुझ्या शब्दांत नको. त्याच्या शब्दांत."

मैनाने मान वर केली. मोबाइल काढला. आठ दिवसांपूर्वीचे दोन स्क्रीनशॉट तिने जपून ठेवले होते. एका पानावर तिने भरलेली माहिती. नाव, गाव, जन्मतारीख. ओळखीची खूण: 'दोन्ही हातांवर कोड.' आणि त्यानंतरच्या पानावर, लाल अक्षरांत: 'कोड अमान्य. अर्ज पुढे नेता येत नाही.'

उझैरने ते दोनदा वाचलं. मग खिडकीबाहेर बघितलं. अजमलशेठचा ड्रायव्हर टेम्पोवर ताडपत्री आवळत होता. हे वाक्य कोणी लिहिलं असेल ते उझैरला लख्ख दिसत होतं. त्याच्यासारखाच कोणीतरी, शनिवारी दुपारी, अर्धा चहा पिऊन, घरी जायच्या घाईत.

"मैना, हा फॉर्म कुठे बसून भरलास?"

"वरच्या आळीला, पाण्याच्या टाकीजवळ. आमच्याकडं तिथंच रेंज येते."

"आणि मोबाइलवर सहा आकडे आले असतील. ते टाकायचे होते."

"ओटीपी? आला ना. पण पाऊस लागला, रेंज गेली. वीसेक मिनिटांनी आला. मग टाकला."

"दहा मिनिटांनी तो मरतो. तू मेलेला टाकलास."

"त्याचं काय? ओटीपीबद्दल फॉर्म काय बोलला नाय. कोडाबद्दलच बोलला."

"त्या ओटीपीलाच तो कोड म्हणतोय."

मैनाने स्क्रीनशॉट स्वतःकडे वळवला आणि पुन्हा वाचला. तीच चार-पाच अक्षरं, जी तिने आठ दिवसांत कितीदा वाचली असतील कोण जाणे.

"काय झालं?" राहीबाईने विचारलं. "मला सांगा की कोणीतरी."

"आत्या," मैना सावकाश म्हणाली, "हा कोडपण निराळा."

तीन चाळीस झाले होते. उझैरने चाळीस नंबर बाजूला सारला आणि संस्थेचं पान उघडलं. शेवटचा दिवस, त्यामुळे पान उघडायलाच तयार नव्हतं. मधोमध एक गोल फिरत होता. चौघं त्या गोलाकडे बघत बसले.

"अरे, हॅक कर ना!" दीपकला राहवेना. "घुस की आत. असा काय बसलायस?"

"मी काम करतोय."

"हे काम?"

"हेच. वाट बघायची आणि मधेच दहा वेळा बटण दाबून घोळ करायचा नाही. तुझी जाऊन भांडी विसळ."

दीपक हलला नाही. दहा मिनिटांनी पान उघडलं. मैना कॉम्प्युटरसमोर सरकली आणि भरू लागली. टाइप करताना ओढणी मधे यायला लागली तेव्हा तिने ती खांद्यावर टाकली आणि दोन्ही बाह्या वर सारल्या. बोटं सरसर चालत होती. ओळखीच्या खुणेच्या रकान्यापाशी मात्र थांबली.

उझैरला वाटलं आता आपण मदत करावी. "तुझ्या भुवईवर तीळ आहे," तो हळूच म्हणाला. "तो लिही. एकच खूण लागते. तीळ चालेल."

त्याने भल्यासाठीच सांगितलं होतं. मैनाने त्याच्याकडे पाहिलं, मघाशी हसला तेव्हा पाहिलं होतं तसंच.

"तुम्हीच म्हणालात ना, फॉर्म माझ्या कोडाबद्दल काय बोललाच नाय?"

"हो, पण…"

"मग?"

तिने लिहिलं: दोन्ही हातांवर कोड. पूर्णविरामासकट. पुढचं बटण दाबलं. गोल फिरला. राहीबाईने छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली. मग मैनाचा मोबाइल वाजला, महाडात रेंजला काही धाड भरली नव्हती, आणि तिने सहा आकडे एकेक करून टाकले. चार वाजून बावीस मिनिटांनी पडद्यावर हिरव्या रंगात एक ओळ आली. दीपकला हवी होती तशी हिरवी अक्षरं त्या दिवशी एवढीच.

"मी वाचते," राहीबाई म्हणाली. पडद्याजवळ तोंड नेऊन, बोट ठेवत तिने वाचलं, "अ-र्ज… दा-खल… झा-ला." मग पुन्हा एकदा, एका दमात. "अर्ज दाखल झाला. पुढं आकडा हाय."

मैनाने तो आकडा हातावर लिहून घेतला. कागद समोर असताना हातावरच, डाव्या मनगटाजवळच्या पांढऱ्या डागावर, निळ्या पेनने. तिथे अक्षर चांगलं उठत होतं.

चहा गार झाला होता. दीपक दुसरा आणायला पळाला आणि येताना बटर घेऊन आला. राहीबाई आता सैल होऊन बसली होती, पण तिचा हिशेब अजून मिटला नव्हता.

"फॉर्म झाला, बरं झालं," ती म्हणाली. "पण तुझ्या पाटीचं राह्यलं. ती मी उतरवते. दुसरं कोणी माझ्यासारखं खोळंबायला नको."

"मीच उतरवतो, मावशी."

"तू नको. तू परत गंमत करशील."

जिना उतरून तिने स्वतःच्या हाताने सुतळी सोडली. पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. मागची बाजू कोरी होती.

"मी पोलादपुराला बसते ना, माझ्या शेजारच्या बाईला पाटी हाय. मला नाय. गिऱ्हाईक आधी तिच्याकडं जातं. तू मला पाटी लिवून दे. ह्याच पुठ्ठ्यावर. कोकमं, कुळीथ, नाचणीचे पापड. हाच तुझा दंड."

"आत्ता देतो, पाच मिनिटांत."

"आत्ता नको. गाडी चुकेल. आन्‌ अक्षर नीट काढ, मघाशी सांगितलंय मी. गुरुवारी एसटीच्या कंडक्टरजवळ पाठव."

मैना गाडीकडे निघाली होती. बाह्या अजून कोपरापर्यंतच होत्या. खाली करायचं बहुतेक विसरली असावी. फाटकाशी वळून तिने विचारलं, "मघाशी हसलात ते मला?"

"पाटीला," उझैर म्हणाला. "स्वतःला."

तिने थोडा विचार केला. "मग ठीक हाय," म्हणाली, आणि आत्याच्या मागोमाग स्टँडकडे गेली.

त्या संध्याकाळी उझैरने आपल्या दवाखान्याच्या प्रोग्राममध्ये 'कोड' हा शब्द शोधला. अकरा ठिकाणी सापडला. त्यातल्या सात ठिकाणी त्याने स्वतःच लिहिलं होतं: कोड चुकीचा. आणि हे दवाखान्यात, जिथे त्वचेच्या डॉक्टरांच्या दारापुढेही बाक असतात! त्याने अकराही ठिकाणी बदल केला. 'मोबाइलवर आलेले सहा आकडे चुकले आहेत किंवा जुने झाले आहेत. नवे मागवा.' पुण्याहून विचारणा झाली की एवढं लांबलचक वाक्य चौकटीत मावत नाही, आधीचं सुटसुटीत काय वाईट होतं? उझैरने उत्तरात चौकट मोठी करून पाठवली. चाळीस नंबर बुधवारी सापडला. एका ठिकाणी 'पेक्षा कमी' लिहायचं तिथे 'पेक्षा कमी किंवा तेवढेच' लिहिलं गेलं होतं. एवढंच. त्याने ते अम्मीला सांगून पाहिलं. "म्हंजे इतके दिवस तू दोन शब्द शोधत होतास?" अम्मी म्हणाली आणि मासे साफ करायला गेली. एका परीने त्याच्या कामाचं इतकं अचूक वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं.

राहिली पाटी.

गुरुवारी सकाळी तो मार्कर घेऊन बसला. 'घरची कोकमं' लिहिणार, तर वाटलं, कोणाच्या घरची? 'ताजे पापड' म्हणावं, तर पापड ताजे असून कसे चालतील, ते वाळलेलेच हवेत. 'इथे मिळतील' म्हणावं, तर राहीबाई जेवायला उठली आणि पाटी तिथेच राहिली म्हणजे? दिवसाला दोन-दोनशे ओळी लिहिणारा माणूस, चार शब्दांच्या पाटीपुढे तास तास बसू लागला. प्रत्येक शब्दाच्या मागे त्याला आणखी एक शब्द उभा दिसायचा. तो गुरुवार गेला. पुढचाही गेला.

तिसऱ्या आठवड्यात मैनाचा मेसेज आला. दोनच ओळी. 'यादीत नाव लागलं. आत्या विचारते, पाटी कुठवर आली?'

पहिल्या ओळीला त्याने लगेच अभिनंदन लिहिलं. दुसऱ्या ओळीला 'उद्या' असं उत्तर टाइप केलं, वाचलं, पुसलं आणि 'या गुरुवारी' असं पाठवलं.

पुठ्ठा अजून त्याच्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून उभा आहे, कोरी बाजू पुढे करून. दीपक चहा घेऊन वर आला की आधी त्याच्याकडे बघतो आणि मग उझैरकडे.

"हॅकर ना तू?" म्हणतो. "चार शब्द लिव की."